सीमेला सीमा नसते

गणितातील काही विषयांची नावेच अशी आहेत की ती कानांवर पडताच माणूस दोन पावले मागे सरकतो. 'होमॉलॉजिकल अल्जिब्रा' हे त्यांपैकी एक. मग यवतमाळ, पुसद, वणी किंवा घाटंजीच्या शाळेत नववी-दहावीत शिकणाऱ्या मुलामुलींपुढे तो काढण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की या विषयातील मुख्य कल्पना दहावीच्या एकसामयिक समीकरणांपलीकडची नाही. ती समजायला लागणारे सामान यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही वावरात पडलेले आहे. आणि 'पुढे कळेल' म्हणून ती बाजूला ठेवली, तर पुढे ती बहुधा कळत नाही, नुसती पाठ होते.

वावराभोवतीचा धुरा तुम्ही पाहिलेला आहे. पश्चिम महाराष्ट्रातले वाचक त्याला बांध म्हणतील. एका कोपऱ्यापासून धुऱ्यावरून चालू लागा. वावराला पुरता वळसा घालून तुम्ही निघालात त्याच कोपऱ्यावर परत येता. रस्त्याला दोन टोके असतात, पण वावराच्या धुऱ्याला टोक नाही. वावराची सीमा म्हणजे धुरा आणि त्या धुऱ्याची सीमा म्हणजे काहीच नाही. सीमेची सीमा शून्य! हे एवढे एकच वाक्य होमॉलॉजिकल अल्जिब्राच्या मुळाशी आहे. यात विशेष ते काय, असे तुम्हांला वाटेल. पण न्यूटनच्या आधीही फळे झाडावरून खालीच पडत होती. साध्या गोष्टीचा हिशेब मांडायला कोणी बसले की मग ती साधी राहत नाही.

तो हिशेब आपण मांडू. कागदावर एक चौकोन काढा. त्याच्या कोपऱ्यांना ओळीने अ, ब, क, ड अशी नावे द्या आणि अ पासून क पर्यंत एक कर्ण काढा. ही दोन त्रिकोणी वावरे झाली, आणि कर्ण हा त्यांच्यामधला धुरा. आता एक नियम ठरवू. अ पासून ब पर्यंत चाललो, तर त्या रस्त्याची सीमा 'ब − अ' अशी लिहायची. जिथे पोचलो ते अधिक, जिथून निघालो ते उणे. पहिल्या वावराभोवती अ, ब, क, अ असे फिरलो तर सीमांची बेरीज (ब − अ) + (क − ब) + (अ − क) होते. प्रत्येक कोपरा एकदा अधिक आणि एकदा उणे येतो, म्हणून बेरीज शून्य. ज्या चालीची अशी बेरीज शून्य येते तिला आपण 'बंद फेरी' म्हणू.

आता दुसऱ्या वावराभोवती अ, क, ड, अ असे फिरा आणि दोन्ही फेऱ्यांची बेरीज करा. मधल्या धुऱ्यावरून एकदा क कडून अ कडे आलो आणि एकदा अ कडून क कडे गेलो. ते दोन्ही परस्परांना खाऊन टाकतात आणि उरतो तो बाहेरचा धुरा. दोन भावांची वावरे एक झाली की मधला धुरा नांगरून टाकतात, तसेच हे. (उलट वाटणी झाली की तोच धुरा पुन्हा उगवतो आणि पुष्कळदा त्याच्याबरोबर कोर्टकचेरीही उगवते. बीजगणितात निदान तेवढा त्रास नाही.)

एवढ्या चित्रात बंद फेऱ्या किती? डोळ्यांना तीन दिसतात. दोन त्रिकोण आणि बाहेरचा चौकोन. पण आत्ताच पाहिले की चौकोन ही दोन त्रिकोणांची बेरीज आहे. तेव्हा स्वतंत्र फेऱ्या दोनच असाव्यात. नजरेवर न विसंबता हे समीकरणांनी पाहू. अब, बक, कड, डअ आणि अक या पाच धुऱ्यांवरून अनुक्रमे प, फ, भ, म आणि य वेळा चाललो असे समजा. उलट दिशेने चाललो तर संख्या उणे. फेरी बंद असायची तर प्रत्येक कोपऱ्यात जितके आलो तितकेच बाहेर पडलो पाहिजे. म्हणून चार समीकरणे मिळतात: अ पाशी म = प + य, ब पाशी प = फ, क पाशी फ + य = भ, आणि ड पाशी भ = म. सोडवून पाहा. दुसऱ्या आणि चौथ्या समीकरणांच्या किमती तिसऱ्यात घातल्या की पहिलेच समीकरण पुन्हा हाती येते. म्हणजे चार समीकरणे दिसली तरी खरी तीनच. पाच अव्यक्ते आणि तीन समीकरणे, तेव्हा दोन अव्यक्ते मोकळी राहतात. स्वतंत्र फेऱ्या दोन.

इथे जरा थांबा. चौथे समीकरण फुकट का गेले? पुस्तकात अशी समीकरणे 'अवलंबी' म्हणून येतात आणि मुले ती परीक्षेपुरती ओळखायला शिकतात. इथे मात्र कारण डोळ्यांसमोर आहे. प्रत्येक रस्ता कुठून तरी निघतो आणि कुठे तरी पोचतो. म्हणून चारही कोपऱ्यांचा जमाखर्च एकत्र केला की शून्य बरोबर शून्य एवढेच उरते. तीन कोपऱ्यांचा हिशेब जुळला की चौथ्याचा आपोआप जुळतो. जर्मन शास्त्रज्ञ किर्खहोफ याने १८४५ साली विजेच्या मंडलांसाठी जो नियम सांगितला, की तारांच्या सांध्यात येणारा प्रवाह आणि जाणारा प्रवाह सारखेच असतात, तो म्हणजे हीच समीकरणे. बारावीच्या भौतिकशास्त्रात तो तुम्हांला भेटेल, तेव्हा धुऱ्याची आठवण ठेवा.

हेच चित्र आता रेल्वेच्या नकाशात पाहू. वर्ध्याहून पश्चिमेला अकोला, तिथून वाशीम-हिंगोली-पूर्णा करीत नांदेड, नांदेडहून मुदखेड-आदिलाबाद करीत वणी आणि वणीहून माजरीमार्गे परत वर्धा, असे रूळ आहेत. आजूबाजूचे बाकीचे फाटे तूर्त विसरा. ही एक बंद फेरी झाली आणि यवतमाळ शहर तिच्या पोटात आहे. पूर्वी मूर्तिजापूरहून यवतमाळला शकुंतला ही अरुंद मापाची गाडी येत असे. तो रस्ता सुमारे ११३ किलोमीटरांचा. ती गाडी बंद पडली. पण ती चालू असतानाही फेऱ्यांच्या संख्येत तिच्यामुळे भर पडत नव्हती, कारण यवतमाळला येऊन तो रूळ संपत होता. झाडाला फांदी फुटावी तसा तो होता. होमॉलॉजीच्या हिशेबात शकुंतलेची किंमत शून्य. तिच्यातून बाजाराला जाणाऱ्या माणसांच्या हिशेबात ती तशी नव्हती, हेही सांगायला हवे.

वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रुंद मार्गापैकी वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. हीसुद्धा अजून एक फांदीच. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा तो मार्ग नांदेडच्या अगदी जवळ पोचला तरी स्वतंत्र फेऱ्या एकच राहतील. शेवटचा रूळ जोडला की त्या एकदम दोन होतील, कारण वर्धा, अकोला, नांदेड आणि वणी यांना अ, ब, क, ड म्हटले की नवा मार्ग हा आपला कर्ण आहे. अंतरे वेगळी, वळणे वेगळी, तरी समीकरणे अक्षरशः तीच. लांबी, रुंदी आणि कोन सोडून देऊन केवळ जोडणी पाहणारी ही नजर गणितात फार उशिरा आली. फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे याने १८९५ सालच्या आपल्या मोठ्या निबंधात तिची पद्धतशीर मांडणी केली.

पण अजून होमॉलॉजी आलेली नाही. ती आता येते. समजा, दुसऱ्या वावराच्या जागी शेततळे खोदले. पाण्याला आपण जमीन मानणार नाही. आता तळ्याभोवतीची फेरी बंद तर आहे, पण ती कुठल्याही जमिनीची सीमा नाही. हाच सगळा भेद आहे. प्रत्येक सीमा ही बंद फेरी असते, कारण सीमेची सीमा शून्य. पण प्रत्येक बंद फेरी ही कशाची तरी सीमा असेलच असे नाही. ज्या फेऱ्या सीमा नाहीत, त्या मध्ये खड्डा असल्याची बातमी देतात. म्हणून ज्या फेऱ्या जमिनीच्या सीमा आहेत त्या शून्य मानायच्या आणि उरेल ते मोजायचे. आपल्या चित्रात स्वतंत्र फेऱ्या दोन, त्यांतली एक पिकाच्या वावराची सीमा, म्हणून उरली एक. तळे एक.

'शून्य मानायचे' हे ऐकून दचकू नका. आज सोमवार असेल तर ३० दिवसांनी कोणता वार, हे काढताना तुम्ही २८ दिवस टाकून देता आणि दोन दिवस पुढे जाऊन बुधवार सांगता. वारांच्या जगात सात म्हणजे शून्य. इथे जमिनीची सीमा म्हणजे शून्य. कृती तीच आहे.

तुम्ही म्हणाल, तळी मोजायचीच होती तर ती नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, मग एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर कागदाच्या एका पट्टीत आहे. पट्टीला अर्धा पीळ देऊन तिची टोके चिकटवा. हिला मोबियसची पट्टी म्हणतात. तिच्या कडेवरून पेन्सिल फिरवा. कडा दोन असाव्यात असे वाटते, पण पेन्सिल दोन वेढे घालते आणि मग निघाल्या ठिकाणी येते. कडा एकच. पट्टीच्या मधोमध दुसरी एक रेघ काढा. ती एका वेढ्यात बंद होते. म्हणजे कड ही मधल्या रेघेच्या दुप्पट आहे. आता त्या कडेला एक गोल पडदा शिवला असे मनात आणा. हातांनी हे जमत नाही, पडदा स्वतःलाच छेदून जातो. पण समीकरणांना ती अडचण नाही. पडदा शिवला म्हणजे कड त्याची सीमा झाली, म्हणजेच शून्य झाली. मधल्या रेघेला क्ष म्हटले तर २क्ष = ०. पण क्ष मात्र शून्य नाही! नेहमीच्या अंकगणितात असे घडत नाही. दिव्याच्या बटणात घडते. एकदा दाबले तर फरक पडतो, दोनदा दाबले तर काहीच बदलत नाही.

इथे 'खड्डे किती' या प्रश्नाचे उत्तर शून्य येते, आणि तरीही काही तरी उरलेले असते. अशा उरलेल्या गोष्टींसाठी जुने गणिती संख्यांच्या वेगळ्या याद्या ठेवीत. १९२५ च्या सुमारास ग्यॉटिंगेन येथे एमी नोएदर या विदुषीने सुचवले की याद्या कशाला? बंद फेऱ्यांची बेरीज-वजाबाकी होते, सीमांचीही होते, तेव्हा त्यांचा जो 'गट' बनतो तोच हातात घ्या. संख्या ही त्या गटाची केवळ सावली आहे. ही तीच नोएदर, जिची व्याख्याने ती स्त्री असल्यामुळे एके काळी हिल्बर्टच्या नावाने जाहीर करावी लागली आणि जिला १९३३ साली नाझी सरकारने विद्यापीठातून काढून टाकले.

पुढे हीच कृती आकृती सोडून निव्वळ बीजगणितात शिरली. खरे तर तिचे एक टोक तिथे आधीपासूनच होते. क्ष आणि य या दोन चलांसाठी अशा बहुपदी शोधा की पहिलीला क्ष ने आणि दुसरीला य ने गुणून केलेली बेरीज शून्य येईल. पहिली य आणि दुसरी −क्ष घेतली की झाले. बाकीची सगळी उत्तरे याच जोडीच्या पटीत येतात. आता क्ष, य, झ अशी तीन चले घ्या. असे मूळ संबंध तीन मिळतात, प्रत्येक जोडीचा एक. पण हे तीन संबंधही एकमेकांपासून मोकळे नाहीत. त्यांना योग्य चिन्हांनिशी क्ष, य, झ यांनी गुणून बेरीज केली की तीही शून्य येते. म्हणजे संबंधांचाही एक संबंध! एक, तीन, तीन, एक. हे आकडे मेरुप्रस्ताराच्या ओळीतले आहेत हे तुमच्या ध्यानात आले असेल. डेव्हिड हिल्बर्टने १८९० साली सिद्ध केले की संबंधांचे संबंध, त्यांचे पुन्हा संबंध, ही साखळी बहुपदींच्या जगात कुठे तरी संपतेच. १९५६ साली आंरी कार्तां आणि सॅम्युएल आयलेनबर्ग यांचे 'होमॉलॉजिकल अल्जिब्रा' हे पुस्तक निघाले आणि विषयाला ते नाव मिळाले.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. हा विषय नवख्या विद्यार्थ्याला बहुधा शेवटाकडून शिकवला जातो. पहिल्याच दिवशी फळ्यावर बाणांची जाळी उभी राहते, व्याख्यांमागून व्याख्या येतात, आणि हे सारे कशासाठी असे विचारले की उत्तर मिळते, 'पुढे कळेल.' मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यावर तर दुहेरी ओझे पडते. शब्द परका आणि वस्तूही न पाहिलेली. वस्तू आधी ओळखीची असेल तर परका शब्द तासाभरात अंगवळणी पडतो. उलट क्रमाने गेलात तर वर्ष जाते. यवतमाळचे नाव वर्तमानपत्रांत कापसाच्या भावासाठी येते, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी येते. इथल्या मुलांनी उच्च गणिताचा विचार करावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही. आणि सर्वांत वाईट हे की हळूहळू ती मुलेही ती करीनाशी होतात.

या बाबतीत प्राध्यापक श्रीराम अभ्यंकर यांचे नाव काढायला हवे. जन्म उज्जैनचा, २२ जुलै १९३०. बालपण ग्वाल्हेरात, वडील तिथेच गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या विज्ञान संस्थेतून ते हार्वर्डला गेले, ऑस्कर झारिस्की यांच्याकडे त्यांनी बीजभूमितीत संशोधन केले आणि पुढे अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात अखेरपर्यंत शिकवले. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनीच १९७६ साली सुरू केले. त्याच वर्षी लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात त्यांनी बीजगणिताचे शाळेचे, कॉलेजचे आणि विद्यापीठाचे असे तीन थर कल्पिले आणि आपली निष्ठा शाळेच्या बीजगणितावर असल्याचे उघड सांगितले. बाणांच्या जाळ्यांपेक्षा बहुपदी हातांनी सोडवणे त्यांना अधिक मोलाचे वाटे. १९७८ साली त्या लेखाला अमेरिकेतील शोव्हेने पारितोषिक मिळाले.

हे नुसते बोलणे नव्हते. मोह या सहकाऱ्याबरोबर १९७५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला एक सिद्धांत तुम्हांला आज समजेल. ट या एका चलातील दोन बहुपदी घ्या. त्या दोघींच्या केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकारांतून परत ट मिळवता येत असेल, तर एकीची कोटी दुसरीच्या कोटीला नि:शेष भागते. उदाहरणार्थ, ट² आणि ट⁴ + ट. दुसरीतून पहिलीचा वर्ग वजा केला की ट मिळतो, आणि २ ने ४ ला भाग जातो. २ आणि ३ कोटीच्या बहुपदींतून ट काढून पाहा. कितीही धडपड केली तरी निघणार नाही. विधान एवढे सोपे आहे, सिद्धता मात्र मुळीच सोपी नाही.

अभ्यंकरांचे मला अर्धे पटते. शिकण्याच्या क्रमाविषयी ते निखालस बरोबर होते. आधी हात, मग बाण. पण बाणांचे बीजगणित म्हणजे केवळ थाट, असे कोणी त्यावरून समजेल तर ते मला मान्य नाही. मोबियसच्या पट्टीतला तो क्ष मोजणीत सापडला नाही, गटात सापडला. शिवाय एक मौज पाहा. होमॉलॉजी प्रत्यक्ष काढायची वेळ आली की शेवटी करावे काय लागते? समीकरणे मांडून एकेका अव्यक्ताचा लोप. अभ्यंकरांचे लाडके शालेय बीजगणितच तिथे कामाला येते.

हा सगळा पोरखेळ झाला, खऱ्या विषयात धुरा आणि तळी उपयोगी पडत नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्य आहे. या विषयाचा पुस्तकी अभ्यास करायचा तर मॅट्रिक्स, गट, वलये हे सारे आधी यावे लागते आणि त्याला काही वर्षे लागतात. ती चुकवण्याची वाट मला ठाऊक नाही. पण त्या वर्षांच्या शेवटी भेटणारा प्रश्नही 'बंद काय आहे आणि त्यातले सीमा काय आहे' हाच असतो. तो आधी भेटलेला असेल तर मधल्या वर्षांत दिशा चुकत नाही.

गुरुजनांना एक विनंती. एकसामयिक समीकरणे शिकवताना दोन वह्या आणि तीन पेनांच्या किमतींबरोबर एखादे असे जाळेही द्यावे, पाच धुऱ्यांचे, नाही तर सात रस्त्यांचे. अवलंबी समीकरण कुठून येते हे मुलांना स्वतःच सापडू द्यावे. अभ्यासक्रमाबाहेरचे असे त्यात काहीही नाही.

आणि विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण. चार सारख्या त्रिकोणांचा पुठ्ठ्याचा मनोरा करा, तळाचा त्रिकोण धरून. कोपरे चार, कडा सहा. कोपऱ्यांची समीकरणे मांडा. वर पाहिल्याप्रमाणे खरी तीनच निघतील, म्हणून स्वतंत्र फेऱ्या सहा वजा तीन, म्हणजे तीन. पण त्रिकोणी पृष्ठे तर चार आहेत आणि प्रत्येकाची सीमा ही एक बंद फेरी आहे. चार सीमा तीन फेऱ्यांत कशा मावल्या? चारही त्रिकोणांना बाहेरून पाहून घड्याळाच्या उलट दिशेने फिरा, सीमांची बेरीज करा आणि काय उरते ते पाहा. मग मनोरा हलवून पाहा, तो आतून पोकळ आहे. या पोकळीचा आणि तुमच्या बेरजेचा काय संबंध, ते वहीत लिहून काढा.